चांदोरकरांची जबाबदारी

केंद्रातलं सरकार पडलं, त्या दिवशी सकाळी चांदोरकरांनी आमची बेल वाजवली आणि दारातच उभं राहून माझी माफी मागितली.

"कुलकर्णी, माफ करा. माझ्यामुळे झालं."

माझ्या हातात वर्तमानपत्र होतं. पहिलं पान भरून पडलेल्या सरकारची बातमी होती. तीत चांदोरकरांचं नाव कुठेही नव्हतं.

"गेले तीन दिवस मी बूट पॉलिश केले नाहीत," ते म्हणाले. "कपाटात शर्टांच्या घड्या मोडल्यात. काल तर जेवताना मालतीवर आवाज चढवला. आत असा गोंधळ असल्यावर बाहेर दुसरं काय होणार?"

मग खाली जाऊन त्यांनी बूट पॉलिश केले. यथावकाश नवं सरकार आलं. त्याचं श्रेय चांदोरकरांनी उघडपणे घेतलं नाही. पण जिन्यात भेटले तेव्हा एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या बुटांकडे बघून हलकेच हसले.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते तळमजल्यावर आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. दोघंही सेक्शन ऑफिसर, फक्त मंत्रालयं वेगळी. मोरेश्वर चांदोरकर मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'बिल्कुल' आणि 'देखिए' यांना कायमचा मुक्काम होता. त्यांचं म्हणणं असं, की माणूस म्हणजे छोटं विश्व. मोठ्या विश्वात जे जे आहे ते थोडं थोडं आपल्यात आहे, आणि आपल्यात बिघडलं की तिकडेही काहीतरी ढिलं पडतं. जुन्या ग्रंथांत असं काहीसं लिहिलंय हे मीही ऐकून होतो. पण ते लिहिणाऱ्यांनीसुद्धा चांदोरकरांइतकं अंगाला लावून घेतलं नसावं.

"आधी आत बघा," हे त्यांचं पालुपद. आमच्या लोणच्याला बुरशी आली तेव्हा ते माझ्या बायकोला म्हणाले, "सुनंदाताई, आधी आत बघा. मनात कुणाबद्दल काही धरून ठेवलंय का?" तिने धरून ठेवलं होतं. माझ्या बहिणीबद्दल, दोन वर्षांपासून. त्यावरून आमच्या घरात जे झालं ते लोणच्याच्या बुरशीपेक्षा बरंच जास्त टिकलं.

एकदा जून संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. भाजीवाला गाडी थांबवून म्हणाला, "बाबूजी, अब तो कुछ करो." चांदोरकर गंभीरपणे "बिल्कुल" म्हणाले आणि त्यांनी रागावणं बंद केलं. पाचव्या दिवशी पाऊस आला. भाजीवाल्याने त्या दिवशी त्यांना कोथिंबीर जास्त घातली.

या सगळ्याकडे मालतीवहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायच्या. वहिनी मिरजेच्या. बोलणं थोडं, पण नेमकं. "ह्यांच्या हातात सगळं जग आहे," त्या एकदा सुनंदाला म्हणाल्या, "पण दूध उतू जाताना दिसत नाही."

दोघांना मूलबाळ नव्हतं. चांदोरकर निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावंच लागणार होतं, आणि वहिनींना मिरजेला जायचं होतं. तसं त्या एकदाच म्हणाल्या. पण चांदोरकरांनी गुडगावच्याही पुढे, मानेसरच्या वाटेवर, नव्या सोसायटीत फ्लॅट घेऊन ठेवला होता.

"देखिए, मिरज तयारच आहे," ते मला म्हणाले. "हे नवं गाव अजून व्हायचंय. कुणीतरी आधी जाऊन नीट राहिलं पाहिजे, तरच ते नीट होईल."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौसष्ट फ्लॅटांत दोन बिऱ्हाडं होती. चहूकडे मोहरीची शेतं आणि मध्ये उभी राहिलेली ही एकटी इमारत. पाणी टँकरचं. लिफ्टच्या जागी नुसता चौकोनी खड्डा. चांदोरकर झाडू घेऊन जिना झाडत होते. रोज सकाळी चारही मजले. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या.

"काय बघताय वहिनी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाहीये ना बघायला."

पण वस्ती आली. शेतं गेली, काचेच्या इमारती उठल्या, कारखान्यांच्या कामगारांना नेणाऱ्या बसगाड्यांची रांग लागली. मी गेलो की चांदोरकर हे सगळं मला गॅलरीतून दाखवायचे. स्वतः पाणी घालून वाढवलेल्या कुंड्या दाखवाव्यात तसे. वहिनी चहा ठेवून आत जायच्या.

मग त्या विसरायला लागल्या. आधी गॅस बंद करायचं विसरल्या, मग किल्ल्या, मग माझं नाव. मग दिल्लीच विसरल्या. इथली बत्तीस वर्षं जणू कुणी अलगद काढून घेतली आणि खाली मिरज तेवढी शिल्लक राहिली. रोज दुपारी त्या पर्स घेऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मला घरी जायचंय."

डॉक्टरांनी हात टेकले. चांदोरकरांनी टेकले नाहीत. त्यांनी आत बघायला घेतलं. कपाटं लावली, आवाज खाली आणला, पहाटे उठून बसायला लागले. सहा महिने त्या घरात एक वस्तू वाकडी नव्हती. वहिनी रोज दुपारी दाराशी उभ्या राहत होत्या.

शेवटी ते त्यांना मिरजेला घेऊन गेले. माहेरच्या घराच्या जागी तीन मजली लॉज झालं होतं. वहिनी रस्त्यावर उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे नाही. चला, घरी जाऊ." चौथ्या दिवशी दोघं परत आले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी गेलो. चांदोरकरांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं. टेबलावर धूळ होती. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. देशात काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही.

"कुलकर्णी, तुम्ही सांगलीचे. मिरजेला जाणं-येणं असायचं ना?"

"लहानपणी नेहमी. माझी आत्या होती तिथे."

"मी इतक्या वर्षांत आठ वेळा गेलो. आठही वेळा सासऱ्यांच्या ओटीवर बसून त्यांना जग समजावून सांगितलं. काही बघितलं नाही. आता मालती रोज जायचं म्हणते. मी म्हणतो, चल, मी येतो. इथेच खुर्च्यांवर बसतो आम्ही, गाडीत बसल्यासारखे. गाडीतून उतरतो. पण स्टेशनच्या पुढे मला रस्ता येत नाही. आणि मला येत नाही हे तिला कळतं."

मी सांगायला लागलो. स्टेशनाबाहेर टांगे असायचे. पुढे एका गल्लीत सतारी बनवणाऱ्यांची दुकानं, दारात वाळायला ठेवलेले मोठाले भोपळे. चांदोरकर एकेक गोष्ट ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते.

"घोडे कुठे उभे असायचे?"

"चिंचेखाली. मोठी चिंच होती."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या," मी म्हणालो. खरं म्हणजे मला आठवत नव्हतं.

"जाताना उजव्या, की येताना?"

मी काहीतरी ठोकून द्यावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"येताना."

चांदोरकर उठले. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेले. वहिनी पलंगावर पर्स मांडीत घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"जाताना डावीकडे लागते," त्या म्हणाल्या. "दुपारी तिथला टांगा घ्यावा. सीट तापलेली नसते."

चांदोरकर खाली बसले, जमिनीवरच, भिंतीला टेकून. जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण माहीत असलेला हा माणूस पहिल्यांदाच परगावी उतरल्यासारखा बायकोकडे बघत होता.

"बरं, बसलो टांग्यात," ते म्हणाले. "आता कुठे वळायचं?"

आणि वहिनी सांगायला लागल्या.