बिजलीचा खूर

उन्हाळा लागला, पुणतांब्याच्या आळीत कुरडयांचा चीक शिजू लागला, तरी यंदा छबूबाईला कुणी हाक मारली नाही. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून त्याचा भुगा होत होता. शेजारची मनकर्णा गोड आवाजात म्हणाली, "छबूबाई, तुमी यंदा आराम करा की!" त्या आरामात घर नुसतं खायला उठायचं. नवरा मागंच गेलेला. बोलायला उरली होती ती बिजली शेळी.

मुलगा चेतन पुण्यात एका प्रयोगशाळेत होता. किराणा दुकानातल्या फोनवर तो म्हणाला, "आई, नवी तपासणी निघालीय. जनुकांवरून मशीन बुरशीची जात ओळखतं, म्हणजे नेमकं औषध देता येतं. नखाचा तुकडा पाकिटातून पाठव."

"तूच यिऊन काप की."

"रजा नाही गं."

कापलेलं नख परक्या हाती पडू द्यायचं नाही, कुणी करणी करील, असं सासूनं तिच्या मनावर बिंबवलेलं. छबूबाई आपली नखं परसात पुरायची. आणि पोस्टात तर सगळेच हात परके! तिनं बराच विचार केला, सुरी घेतली आणि बिजलीचा वाढलेला खूर तासला. शेळीवर कोण कशाला करणी करतंय?

आठवड्याभरात चेतनच धापा टाकत दारात उभा.

"आई, बरी आहेस ना? तुझ्या नखात गुराढोरांच्या कातडीवरची बुरशी निघालीय! पुन्हा तपासलं, तरी तेच. साहेब म्हणाले, आधी आईला बघून ये."

छबूबाईनं बिजलीकडं पाहिलं. बिजलीनं मान फिरवली.

"आई, खरं सांग."

"तिचा खूर लई वाढला हुता रं..."

चेतननं कपाळाला हात लावला. "आता साहेबांना काय सांगू? माझ्या आईला चार पाय आहेत?" आणि तो असा हसत सुटला, की मनकर्णा कुंपणावरून डोकावली.

मग उंबऱ्यावर बसून त्यानं आईचा हात मांडीवर घेतला. लहानपणी ती त्याची नखं कापायची, तितक्याच हळू तो कापू लागला.

"दुखतंय?"

"सावकाश काप बाबा." दुखत नव्हतंच. पण घाई कुणाला होती?

संध्याकाळच्या एसटीत चढताना तो म्हणाला, "रिपोर्ट आला की औषध पोस्टानं पाठवतो. आता मी यायची गरज पडणार नाही, काळजी करू नकोस."

छबूबाई घरी येऊन बिजलीजवळ बसली. एक खूर तासलेला. तीन अजून चांगले वाढलेले होते.

ते कुरवाळत ती म्हणाली, "सांभाळ गं बाई, झिजवू नगंस."