हवालदार तात्यांची काळी शाई

माण तालुक्यातल्या आमच्या गावात शेळी व्याली, तरी ती खबर मुंबईला धड पोचत नसे. कारण मध्ये हवालदार तात्या बसलेले असत.

मी तिथं पोस्टमास्तर. निम्म्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईला, आणि त्यांच्या बायकांची पत्रं तात्या लिहीत, माझ्याच पोस्टाच्या ओट्यावर, फुकट. पण मोठ्या लढाईत पलटणीतल्या मराठी पत्रांमधल्या नको त्या मजकुरावर काळी शाई फिरवायचं काम त्यांच्याकडं होतं. लढाई संपून तीस वर्षं झाली, तात्यांची काही संपली नव्हती!

"लिवा, शेळीला दोन करडं झाली," हिराबाई सांगायची.

"आकडा सांगायचा न्हाई."

"आवं तात्या, हिर आटली म्हणून तरी लिवा!"

"पाण्याचा ठावठिकाणा? अजाबात न्हाई! खबर फुटली की पलटण गेली."

शेवटी पोचायचं ते एवढंच: 'इकडील सर्व ठीक.' बायको काहीतरी लपवतेय म्हणून हिराबाईचा नवरा एकदा बिचारा रजा काढून धावत आला.

मग आणीबाणी आली, वर्तमानपत्रंही सेन्सॉर व्हायला लागली आणि तात्यांना चेव चढला. कोरा रकाना दिसला की म्हणायचे, "लय ब्येस! सायब कामाचा हाय."

"अहो, पण आत काय होतं ते लोकांना कळायला नको?"

"तुमाला कशाला पायजे? तुमी काय जनरल हाय?"

मी आपला टपालावर शिक्के मारायला लागायचो.

त्याच सुमारास त्यांचा मुलगा शंकर, इस्लामपूरच्या शाळेतला शिक्षक, आणीबाणीविरुद्ध पत्रकं वाटताना धरला गेला. "बरं झालं, हुकूम म्हंजी हुकूम," असं तात्या गावभर सांगत हिंडले. पण टपालाची थैली यायच्या आधी तासभर ते ओट्यावर हजर.

महिन्यानं तुरुंगातून पत्र आलं. शंकरला लहानपणापासून दमा. पत्रात 'माझी तब्येत' एवढं दिसत होतं आणि पुढं दीड ओळ काळी. तात्यांनी कागद उन्हात धरला, उलटा केला, थुंकी लावून पाहिली. काही दिसेना.

मी धीर द्यायला म्हटलं, "बरी आहे, असंच लिहिलं असणार."

"न्हाई, मास्तर. बरी असती तर पुसली नसती. 'बरी हाय'वर मीबी कवा शाई घातली न्हाई."

इतकी वर्षं या माणसाला मी हसलो. त्या दिवशी माझ्याच्यानं मान वर करवेना.

त्यांनी अंतर्देशीय पत्र मागितलं. या वेळी सांगणारे ते आणि लिहिणारा मी. नाव-पत्ता शंकरचा, पण मजकूर पत्रं तपासणाऱ्या साहेबाला: 'सायब, मीबी तुमच्याच कामातला. बाकी सगळं पुसा. बाप भेटाया निघालाय, एवढं माज्या पोराला कळू द्या.'