शेषरावकाकांची गरम बादली

मे महिन्यात अमरावतीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमचे शेजारी शेषरावकाका मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून भाजी आणायला निघतात. पँट काळी, टोपी काळी, छत्रीही काळी. एकदा मी तोंडावरच विचारलं, "काका, हे काय सोंग?"

"सोंग नाही वं पोरी, दुखवटा हाय. नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीनं मरेपर्यंत काळंच घातलं. त्या काळातले लोक काही येडे नव्हते."

हे शेवटचं वाक्य दिवसातून दहादा ऐकावं लागतं. इंदूकाकू गेल्यापासून हा माणूस मोबाइलवर राणीच्या काळातली राहणी बघत बसतो आणि मग ती गल्लीवर सोडतो. घरात कोणी गेलं की इंग्रज घड्याळं बंद करत, आरसे झाकत, गेलेल्याच्या केसांचे दागिने करत. मधमाश्यांच्या पेटीपाशी जाऊन मालक गेल्याची बातमीही देत!

"मधमाश्यांना?" मी किंचाळले.

"मंग? त्यायले दुसरं कोन सांगन?"

ज्या राजवटीनं वऱ्हाडातला कापूस ओढून नेला, तिचं कौतुक जिनिंग कारखान्यात उभा जन्म काढलेल्या मुकादमानं करावं? गुलामी म्हणावी तर हा माणूस आमच्या गल्लीच्या पाण्यासाठीच्या प्रत्येक मोर्चात पुढे असतो. त्याच कोटात. पोलीस बिचारे त्यांना आमचे वकील समजून खुर्ची देतात.

अकोल्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नातही तेच झालं. हिवरखेडच्या दोन पाहुण्यांनी कोट पाहून त्यांना धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावर सल्ला विचारला. काकांनी बेधडक दिला, "सख्खे भाऊ हा ना? मंग कोर्टात काहून मरता? जेवा आन घरी जा." दोघं खरंच जेवले आणि एकाच मोटारसायकलवर घरी गेले.

इथवर मी सहन केलं. पण पाण्याचा प्रश्न आला की मी कोणाची नाही. आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो, तोही करंगळीएवढा. पाणी वाया घालवणाऱ्यांची नावं चौकातल्या फलकावर लावायची, असं आम्ही ठरवलं. पत्रकं मीच लिहिली. आणि पहिली तक्रार आली ती काकांविरुद्धच. रोज सकाळी बादलीभर पाणी तापवतात, त्यानं आंघोळ करत नाहीत आणि शेवटी मोरीत ओततात!

मी पत्रक घेऊन सकाळीच धडकले. काका न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर स्टुलावर बसले होते. मी दार ढकललं. आत कोणी नव्हतं. बादलीतून वाफ निघत होती. खुंटीवर टॉवेल आणि इंदूकाकूंचं जांभळं लुगडं, नीट घडी घातलेलं.

"राणीच्या घरी बी असंच होतं," काका म्हणाले. "नवरा गेला, तरी रोज त्याचं गरम पानी खोलीत जाये, कपडे काढून ठेवत. तिले कोनी 'काहून' म्हनून नाही पुसलं."

"तिच्याकडे नळ दिवसाआड येत नव्हता, काका!"

"लाव माहं नाव फलकावर. पन बादली बंद नाही होनार."

"मग निदान तुम्ही तरी त्यानं आंघोळ करा!"

काका दचकले. "तिच्या पान्यानं?"

मी हातातल्या पत्रकाची घडी घातली. काकांनी उठून दार हळूच पुन्हा लोटलं.

"लय वेळ लावे वं ती. मी अथूनच बोंबलत राहो, 'आटप ना वं, वलगावची गाडी चुकन!' जन्मभर बोंबललो. बिचारी अर्ध्या ओल्या केसानं बाहेर ये." स्टुलावर बसत ते म्हणाले, "आता पानी थंड होईपर्यंत बसतो."

मी निघाले. फाटकाची कडी लावताना मागून त्यांचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, दाराशी बोलत होते, "होऊ दे सावकाश. घाई नाही."

दुपारी रंगारी डबा-ब्रश घेऊन चौकात आला. "ताई, फलक तयार हाय. पहिलं नाव कोनाचं टाकू?"

ऊन मरणाचं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "घाई नाही."