सव्वाअकराची धाप

“शुक्रवार कशाला साहेब, बुधवारी दुपारीच चोर तुमच्यासमोर उभा करते,” असं डिस्कवाली भर बैठकीत बोलून गेली. बोलताना मान अशी ताठ, की बाळंतपणाच्या रजेवरून येऊन हिला जेमतेम दोन आठवडे झालेत आणि सलग तीन तास झोप मिळणं ही हिच्या घरी बातमी ठरते, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

मालवाहतुकीच्या त्या कंपनीत तिला सगळे डिस्कवाली म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. कुठला ट्रक, कुठला माल, कुठे उतरवायचा, ही सगळी माहिती सर्व्हर रूममधल्या एका कमरेएवढ्या कपाटात, साठ फिरत्या डिस्कवर साठवलेली होती. त्या साठही तिनं स्वतःच्या हातांनी बसवलेल्या. कुठली जरा कुरकुरते, कुठली अजून नवी नवरी आहे, सगळं तोंडपाठ. कपाटाला कुणी बोट लावलेलं खपायचं नाही. एकदा नेटवर्क सांभाळणाऱ्या वायरवाल्या काकांनी चहाचा कप क्षणभर त्यावर टेकवला, तर तिनं त्यांना असं फैलावर घेतलं, की तेव्हापासून काका त्या खोलीत हात खिशात घालूनच वावरायचे.

आणि आता हेच कपाट धापा टाकत होतं. रोज सव्वाअकराला आणि साडेतीनला, वीस-वीस मिनिटं. एरवी पाच मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत उत्तर देणाऱ्या डिस्क त्या वेळी चारशे-पाचशे घ्यायच्या. एका पावतीमागे अशी हजारो उत्तरं लागत, त्यामुळे फाटकावर पावती छापणाऱ्याचा पडदा गोठायचा आणि ट्रकची रांग वळणापर्यंत जायची. मग सगळ्यांचे हॉर्न एकदम! बोलताना माणसापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त बघणारे तिचे साहेब, म्हणजे घड्याळसाहेब, यांनी शेवटी निकाल दिला होता. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर डिस्क बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि डिस्कवाली माहितीपुस्तकं लिहायच्या टेबलावर. वर मायेनं म्हणाले, “लहान बाळ आहे. तुलाही जरा हलकं काम बरं.”

ते ‘हलकं’ तिच्या असं वर्मी बसलं, की तिनं बुधवारचा वायदा करून टाकला.

मंगळवारी तिनं वायरींवर संशय घेतला. काकांनी पुटपुटत एकूण एक केबल बदलली. सव्वाअकराला धाप हजर. मग तिनं डेटाबेसवाल्या ताईंना गाठलं: त्या वेळी एखादा भला मोठा अहवाल तर चालवत नाही ना? ताईंनी सगळे अहवाल बंद करून दाखवले आणि पुन्हा विचारू नकोस असंही सांगितलं. साडेतीनला धाप हजर. बुधवारी तिनं दोन कुरकुऱ्या डिस्क काढून नव्या घातल्या, कारण एक आळशी डिस्क अख्ख्या गटाचे पाय ओढते हे तिला माहीत होतं. नव्या डिस्कनाही सव्वाअकराला धाप लागली. दुपारी काका जेवणाच्या टेबलाशी आले आणि चोर नेमका कुठे उभा केलाय, म्हणजे जाता-येता बघता येईल, अशी अगदी नम्र चौकशी करून गेले.

या सगळ्या रणधुमाळीत तिचं एक काम मात्र चुकवून चालायचं नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, बाळासाठी दूध काढून ठेवायचं. बैठकीच्या खोलीला चारी बाजूंनी काच. स्वच्छतागृहात सॉकेट नाही. उरली सर्व्हर रूम. तिथे कडी होती, सॉकेट होतं, आणि पंख्यांचा असा घोंघाट, की पंपाची घरघर कुणाच्या बापाला ऐकू यायची नाही. डिस्कच्या कपाटाची उंचीही पंप ठेवायला देवानं मापून दिल्यासारखी. ती खाली एकेरी दुपटं अंथरायची, वर पंप ठेवायची आणि तेवढ्या वेळात लॅपटॉप उघडून डिस्कवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. म्हणून तर प्रत्येक धाप तिनं पहिल्या सेकंदापासून स्वतः पाहिली होती. इतकी दक्ष बाई दुसरी कोण असणार!

गुरुवारी डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. दहापासून पाचपर्यंत कपाटासमोर खुर्ची टाकून बसला, आणि कपाट कसं, पाहुण्यांसमोर शहाण्या मुलासारखं! डॉक्टरांची पायरी चढताच बाळाचा ताप उतरावा, तसं. डिस्कवाली दिवसभर त्याच्याशेजारी बसून होती. दूध काढायलाही फुरसत मिळाली नाही. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून तो गेला. तिनं कळ सोसवेना म्हणून पावणेसहाला घाईघाईनं कडी लावली, आणि दोन मिनिटांत फाटकावर हॉर्न! काकांनी त्या इंजिनिअरचा एक फोटो आणून कपाटासमोर लावायची सूचना केली. घड्याळसाहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त उद्या शुक्रवार असल्याची आठवण दिली.

शुक्रवारी सकाळी ती बाटल्या भरून पिशवी आवरत होती आणि सासूबाई चष्मा लावून तिची वही बघत होत्या. वहीत उजव्या पानावर दुधाच्या वेळा आणि मापं. या आठवड्यात दुसरी वही हाताशी नव्हती, म्हणून डावीकडे डिस्कच्या धापा.

“एकच वेळ दोनदा का गं लिहितेस?” सासूबाईंनी विचारलं. “इकडे सव्वाअकरा, तिकडे सव्वाअकरा. सोमवारी तुला उशीर झाला, साडेअकरा, तर इकडेही साडेअकरा. आणि काल दिवसभर दोन्हीकडे काही नाही, एकदम पावणेसहा.”

“आई, ते दूध आहे आणि हे डिस्क आहेत.”

“मग चांगलं जमतं म्हणायचं दोघांचं.”

पिशवीची चेन अर्ध्यावरच थांबली.

ऑफिसला पोहोचेपर्यंत तिच्या मनात एकच विचार. पंप गुपचूप दुसरीकडे ठेवला, तर धाप जाईल, कुणाला काही कळणार नाही. पण मग कारणही सापडलेलं नसणार. म्हणजे डिस्क गेल्या आणि आपण माहितीपुस्तकांच्या टेबलावर. शिवाय चोर उभा करते म्हटलं होतं ना? मग करायलाच हवा.

अकरा वाजता तिनं साहेब, काका आणि ताई, तिघांना सर्व्हर रूममध्ये बोलावलं. रिकामा पंप कपाटावरच्या दुपट्यावर ठेवून बटण दाबलं. लॅपटॉपवरचा आकडा पाचवरून सरसर चारशेवर. पंप उचलला, आकडा पाचवर. ठेवला, चारशे. तिसऱ्यांदा तर तिनं न बघताच आकडा सांगितला.

“हे यंत्र कसलं?” घड्याळसाहेबांनी विचारलं.

“दुधाचं, साहेब. बाळासाठी,” ताईंनी शांतपणे सांगून टाकलं.

साहेबांनी भिंतीवर घड्याळ शोधलं. त्या खोलीत घड्याळ नव्हतं. शेवटी छताकडे बघत त्यांनी जाहीर केलं, की डिस्क तिच्याकडेच राहतील. आणि स्टेशनरीच्या खोलीला आजच्या आज कडी, सॉकेट आणि खुर्ची मिळेल. कुणी न सापडलेलं कारण तिनं शोधलं, हेही ते म्हणाले, आणि या वेळी चक्क तिच्याकडे बघून.

डिस्कवालीची छाती फुगली. डिस्क फिरताना वरची माहिती वाचणारी टोकं केसाहूनही कमी अंतरावर तरंगतात, बारीकशी थरथरही त्यांना सोसत नाही, म्हणून कपाटावर टाचणीसुद्धा ठेवायची नसते, असं तिनं तिघांना रंगवून सांगितलं. “खरं तर इथे तशी ठळक सूचनाच लावायला हवी,” ती म्हणाली.

काकांनी आता कुठे खिशातून हात बाहेर काढला आणि दुपट्याचं टोक उचललं. खाली प्लास्टिकमध्ये बसवलेला कागद चिकटवलेला होता. काकांनी सावकाश वाचला, “या कपाटावर कुणीही, काहीही ठेवू नये. थरथरीने डिस्क मंदावतात.” मग वाकून विचारलं, “खाली सही कुणाची दिसतेय, साहेब? तारीख रजेच्या आधीची आहे. आणि माझा तर नुसता कप होता.”

सगळे वाकले. डिस्कवालीही वाकली. तिनं कागद नीट, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचला.

“अक्षर मात्र छान आहे,” ती म्हणाली.