भिकोबाने जिंकलेला हुकूमनामा

एका जंगलात कोर्ट होते. म्हणजे बाळांनो, ते जंगल सुधारलेले होते. तिथे भिकोबा नावाचे एक साळिंदर राहायचे. फार सज्जन. त्याने काय होते ते आता ऐका.

भिकोबा बिळे खणण्यात पटाईत. दौलतराव नावाच्या रानडुकराचा जन्म चिखलात लोळण्यात गेला होता, पण उतारवयात त्याला पाच खोल्यांच्या बिळाची हौस आली. भिकोबाने तीन महिने खपून ते खणून दिले. मजुरी ठरली वीस टोपल्या कंद. उन्हाळ्यात भिकोबाच्या पोरांना तेवढाच आधार होता.

दौलतराव राहायला गेला आणि मजुरी विसरला. भिकोबा कोर्टात गेला. चार वर्षे हेलपाटे घातल्यावर न्यायाधीश हत्तींनी निकाल दिला, की वीस टोपल्या द्याव्यात.

भिकोबा हुकूमनामा घेऊन दौलतरावाच्या दारात उभा राहिला. दौलतरावाने तो सावकाश वाचला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "शिक्का छान उमटलाय." आणि दार लावून घेतले.

भिकोबा पुन्हा कोर्टात. तिथली कारकून घोरपड डोळेही न उघडता म्हणाली, "साहेबांनी निकाल दिलाय. वसुलीचं तुमचं तुम्ही बघा. त्याची मालमत्ता दाखवा, मग जप्ती."

बेलीफ कासव जप्तीला निघाले. ते पोचेपर्यंत बीळ दौलतरावाच्या बायकोच्या नावावर झाले होते आणि कंदांचे रान मेव्हण्याच्या. दौलतरावाकडे उरले दोन सुळे. पोटापाण्याची हत्यारे म्हणून ते कायद्याने माफ होते.

"मग त्याला तुरुंगात टाका," भिकोबा रडकुंडीला येऊन घोरपडीला म्हणाला.

"टाकू की. पण कैद्याचं जेवण अर्जदारानं घालायचं असतं. रोज दोन टोपल्या कंद. आगाऊ भरा."

दोन दिवसांत वठणीवर येईल, असे भिकोबाला वाटले. सज्जनांना असले काहीबाही वाटत असते. ऐन उन्हाळ्यात कंद होते फक्त मेव्हण्याच्या रानात. मेव्हण्याने ते हसतमुखाने उधार दिले, दुप्पट भावाने.

दौलतराव तुरुंगात गलेलठ्ठ झाला. "कंद गोड आहेत हो," तो गजाआडून म्हणायचा. "आमच्याच रानातले दिसतात."

भिकोबाच्या बायकोने एके दिवशी त्याच्यासमोर पाला ठेवला. "पोरं आठ दिवस हेच खातायत," ती म्हणाली. "त्या डुकराला पोसताय, तर आम्हालाही त्याच्या शेजारी कोंडा."

भिकोबाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एकविसाव्या दिवशी त्याच्याकडे भरायला काही उरले नाही. जेवणाचा भत्ता चुकला म्हणून दौलतराव सुटला. दारात लोकांनी त्याला हार घातले.

मग मेव्हण्याने उधारीचा दावा लावला. भिकोबाने सगळे कबूल केले, त्यामुळे निकाल पहिल्याच तारखेला लागला. कासव त्याच संध्याकाळी हजर. भिकोबाचे बीळ भिकोबाच्याच नावावर होते. लिलावात ते दौलतरावाच्या बायकोने घेतले, कंद साठवायला.

भिकोबा बायकापोरांना घेऊन उघड्यावर बसला. हुकूमनामा त्याच्याजवळच होता. तो बारा वर्षे चालतो, असे घोरपडीने त्याला आवर्जून सांगितले.

तात्पर्य : बाळांनो, कोर्टात जरूर जा, पण हरायला जा. हरणाऱ्याच्या जेवणाची काळजी कायद्याला असते. जिंकणाऱ्याने फक्त ते वेळेवर पोचवायचे.