दशांशानंतर स्थळ नाही

ए, आधी ऐक, मग हस. आमच्या दीडशहाणीचं काय झालं माहितीये? ऑफिसात सगळ्यांच्या चुका काढते म्हणून हे नाव पडलं, तीच ती. आठवड्यातून दोनच दिवस जायची. पाचातले दोन, म्हणून मनुष्यबळाच्या फाइलीत तिची नोंद 'पॉइंट चार कर्मचारी'. हिशेब एकदम चोख.

तर एका बैठकीत पडद्यावर झळकलं, 'दर खिडकीमागे कर्मचारी २.३३३३३३'. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसून विचारलं, हे तीन संपतात कुठे? कुठेच नाही म्हटल्यावर ते घाबरलेच. तासाभरात परिपत्रक निघालं: 'यापुढे कार्यालयात अपूर्णांक आढळल्यास संबंधितांनी तो तत्काळ पूर्ण करून घ्यावा.'

आता फाइलीत सूत्रं हजारो. एकेक राउंड करत बसलं तर जन्म जायचा. दीडशहाणी म्हणाली, छोटी आज्ञा लिहिते, सगळी एका फटक्यात होतील. फक्त एवढं सांगा.

"साहेब, दशांशानंतर किती स्थळं ठेवू?"

"स्थळं घरी बघायची. इथे एकही नको."

झालं. एक कळ दाबली आणि अख्खं ऑफिस राउंड. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी एक तास झाली, लोकांनी हिला डोक्यावर घेतलं. चहाचा पाव तास शून्य झाला, लोकांनी खाली उतरवलं. अर्ध्या दिवसाची रजा मागितली की दिवसभर घरी बसणं सक्तीचं. दीड टेबलाच्या खोलीत दोन टेबलं बसवली, दार काढून.

आणि सोमवारी हिचं कार्डच चालेना. दारावरचे काका तीन दिवस यायचे, म्हणजे पॉइंट सहा. ते राउंड होऊन एक झाले होते, कायम, नव्या कडक गणवेशात. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं.

"पोरी, तू शून्य आहेस गं."

ती तरातरा साहेबांकडे गेली. ते फार मायेनं बोलले.

"तू आधीही पूर्ण नव्हतीसच ना. फाइलीनं फक्त स्पष्ट सांगितलं."

टेबल आवरायला त्यांनी अर्धा तास दिला, म्हणजे नियमानुसार एक.

आता बघ हां. सगळं पूर्ववत करायला एक कळ पुरे होती. पण मग काका पुन्हा पॉइंट सहा, आणि त्यांनी तर कायम झाल्याचं सासुरवाडीपर्यंत कळवलेलं. दुसरा रस्ता त्याहून सोपा. आपल्या नावापुढे दोनच्या जागी अडीच दिवस लिहायचे. अडीच भागिले पाच, अर्धा. आणि अर्ध्याचा होतो एक. नोकरी वाचली, वर कायम.

काका मागे येऊन उभे होतेच. "लिही गं," म्हणाले, "अर्धा दिवस कोण मोजतंय?"

मोजत होती ती स्वतःच. मागच्याच महिन्यात काकांनी हजेरीत तिनाचे साडेतीन दिवस केले, तेव्हा हिनंच ते खोडून चारचौघांत सुनावलं होतं, की काका, अर्धं खोटं असं काही नसतं.

काका ते विसरले नव्हते. दाराकडे तोंड करून पहारा देत उभे राहिले. पडद्यावर दोनच्या शेजारी ती रेघ लुकलुकतेय, लुकलुकतेय, आणि हिचं बोट वरच्या वर.

तिच्या जागी तू काय केलं असतंस? आणि 'बहुतेक', 'साधारण' असलं काही चालणार नाही. उत्तर पूर्णांकात दे.