अकरा माणसांचं पाणी

साळवे बाईंना सरळ प्रश्न विचारायची सोय नाही. एकदा जिन्यात, चारचौघांत, मी त्यांचं वय विचारून बसलो. म्हणाल्या, तुमच्या बायकोच्या वयाची दुप्पट करा, त्यातून अठरा वजा करा. मी शहाण्यासारखं मोठ्यानं केलं: चाळीस दुणे ऐंशी, वजा अठरा. बाई बासष्टच्या निघाल्या आणि माझ्या घरात दोन दिवस अबोला झाला, कारण बायको शेजारपाजारी पस्तिशीची होती.

पुंडलिकनगरात आमची तीन घरांची इमारत. खाली बाई, मधे आम्ही चौघं, वर शेखभाईंचे पाच जण. बाई लासूर स्टेशनकडच्या शाळेत बीजगणित शिकवून रिटायर झालेल्या. पाहुण्यांना तांदूळ किती लावायचे, लग्नाला कधी निघायचं, काहीही विचारा, पालुपद ठरलेलं: "आधी क्ष कोण ते ठरवा." मी दहावीला गणितात दोनदा आपटलेला, त्यामुळं माझ्यावर विशेष लोभ. दोरीवर कपडे वाळत घालताना गाठून गणित घालायच्या. चुकलो की म्हणायच्या, "लई घाई करता तुम्ही."

आमच्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. तिघांत एक हौद, त्यात चारशे चाळीस बादल्या पाणी. पूर्वी त्यावरून रोज कटकट व्हायची. मग बाईंनी हौदाच्या भिंतीवर खडूनं मांडलं: ११ × ८ × क्ष = ४४०. माणसं अकरा, दिवस आठ, क्ष म्हणजे माणशी रोजच्या बादल्या. उत्तर पाच. कटकट बंद. शेखभाई म्हणायचे, "बाई का हिसाब, पत्थर की लकीर."

या उन्हाळ्यात बादली भरता भरता माझी नजर त्या अकरावर गेली. आम्ही चार, शेखभाईंचे पाच, बाई एक. दहाच की! बाईंचे यजमान, साळवे काका, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मला काय ते माहीत नव्हतं? त्यांना खांदा दिला होता मी. पण त्या वेळी काका आठवलेच नाहीत, बाई चुकल्या एवढंच दिसलं. सगळ्यांना हाका मारून मी सांगितलं की गणित चुकलंय, माणसं दहा, क्ष साडेपाच.

बाई भिंतीकडं बघत राहिल्या. मग "व्हय, चुकलं," म्हणाल्या. पदरानं अकरा पुसले आणि दहा लिहिले.

चार दिवसांनी फाटकाशी एक रिक्षावाला थांबला आणि काकांचं पाणी बंद झालं का, म्हणून विचारू लागला. काका दर उन्हाळ्यात तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रांजण भरून ठेवायचे. ते गेल्यावरही तो भरलेलाच असायचा. मीही त्यातलं पाणी प्यायचो, ते येतं कुठून हे कधी मनात आलं नाही. आता रांजण पालथा पडला होता. अकराव्या माणसाच्या पाच बादल्या तिथं जात होत्या, आणि अर्ध्या अर्ध्या बादलीसाठी मी त्या काढून घेतल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

मग आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून समीकरण मांडलं. शेखभाईंना दाखवलं, ते लगेच कबूल झाले. कागद घेऊन खाली गेलो. १० × क्ष = ५.

बाईंनी चष्मा लावला. "क्ष कोण?"

"दहा जणांची वाढलेली अर्धी अर्धी बादली. पाच होतात. रांजणाला तेवढ्याच लागतात." मग धीर करून म्हणालो, "नाहीतर भिंतीवर पुन्हा अकराच लिहा, बाई. माझं चुकलं."

त्यांनी लाल पेन काढलं, कागदावर बरोबरची खूण केली आणि कागद परत दिला.

"तुमचं नाय चुकलं. माणसं दहाच हायत," त्या म्हणाल्या. "मलाच ते लिहवत नव्हतं."

रांजण आता रोज भरतो. बाई दोरीवर कपडे वाळत घालतात, मी मुद्दाम जवळून जातो, रेंगाळतो. त्या हसतात, चहाला बोलावतात. गणित मात्र घालत नाहीत.